नित्यदंड, सर्वमुक्ती आणि पितरांचा प्रश्न : मराठी ख्रिस्ती लेखनाचा एक पुनर्विचार

प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याची समीक्षा आजवर प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. धर्मांतर का झाले, हा पहिला प्रश्न. आणि धर्मांतरानंतर लेखकाचे मराठीपण कितपत टिकले, हा दुसरा. नीळकंठ (नेहेम्या) गोऱ्हे, पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्याविषयी जे लिहिले गेले त्यातील बहुतांश विवेचन या दोन चौकटींत बसते. या चौकटी चुकीच्या आहेत असे नव्हे. परंतु त्यांच्यामुळे एक तिसरा प्रश्न झाकला गेला आहे, आणि तो या लेखकांच्या दृष्टीने कदाचित अधिक जिव्हाळ्याचा होता. आपण आलो; जे आले नाहीत त्यांचे काय? ज्या आईवडिलांनी आपल्याला देव या शब्दाची ओळख करून दिली, त्यांना त्या देवाच्या घरी जागा आहे की नाही?

ख्रिस्ती धर्मशास्त्रात हा प्रश्न ‘सर्वमुक्ती’ आणि ‘नित्यदंड’ या दोन सिद्धांतांच्या वादातून मांडला जातो. शेवटी सर्व माणसांचे तारण होईल अशी श्रद्धा एका बाजूला, आणि काही माणसांना कधीही न संपणारी शिक्षा होईल ही प्रस्थापित शिकवण दुसऱ्या बाजूला. मराठीत हा वाद सिद्धांताच्या रूपाने फारसा अवतरला नाही. तो पितरांच्या प्रश्नाच्या रूपाने अवतरला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. गोऱ्हे यांनी तो तर्काने मिटवला, रमाबाईंनी तो साक्षीच्या एका वाक्यात उघडा ठेवला आणि टिळकांनी तो संस्थेच्या रचनेत उतरवला. या तीन प्रतिसादांचा तुलनात्मक विचार येथे करावयाचा आहे.

सर्वमुक्ती : संकल्पनेची मर्यादा

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सर्वमुक्ती म्हणजे सर्वधर्मसमभाव नव्हे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरी येथील प्रार्थनेची आणि माधानच्या गुलाबराव महाराजांच्या समन्वयविचाराची परंपरा लाभलेल्या अमरावती-बडनेऱ्याच्या वाचकाला हे दोन्ही एकच वाटण्याचा संभव आहे. ‘सर्व मार्ग एकाच ठिकाणी जातात’ ही समन्वयाची भूमिका होय. सर्वमुक्तिवाद्याचे म्हणणे वेगळे आहे. त्याच्या मते तारणारा एकच, तो ख्रिस्त. परंतु त्याचे तारणकार्य अखेरीस कोणालाही वगळणार नाही. म्हणजे समन्वयवादी मार्गांच्या अनेकत्वावर भर देतो, तर सर्वमुक्तिवादी तारणाच्या सर्वव्यापकतेवर. पहिल्या भूमिकेत ख्रिस्ताचे वेगळेपण उरत नाही. दुसरीत ते पूर्णपणे उरते आणि तरीही नरकाला शेवट असतो.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी भूमिका आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयक प्रमुख दस्तऐवजात असे मान्य केले की, ज्यांनी स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताला ओळखलेले नाही, परंतु जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण प्राप्त होऊ शकते. ही शक्यतेची भाषा आहे, निश्चितीची नव्हे. तिला समावेशवाद म्हणता येईल. मराठी ख्रिस्ती लेखकांचे मूल्यमापन करताना या तीन भूमिकांची सरमिसळ झाली की, टिळक हे एकदम ‘उदारमतवादी’ ठरतात आणि गोऱ्हे ‘कट्टर’. ही दोन्ही विशेषणे अभ्यासाला पुढे नेत नाहीत.

सर्वमुक्तीचा विचार ख्रिस्ती परंपरेत उपरा नाही. अलेक्झांड्रियाचा ओरिजेन (सुमारे १८५ ते २५४) याने सर्व सृष्टी अखेरीस देवाकडे परत आणली जाईल असा विचार मांडला आणि दैवी शिक्षेचे स्वरूप औषधासारखे मानले. चौथ्या शतकातील निसाचा ग्रेगरी यानेही अग्नीतून शुद्ध होऊन सर्वांच्या पुनःस्थापनेची आशा व्यक्त केली. सम्राट जस्टिनियनने ५४३ मध्ये ओरिजेनच्या नावावर असलेल्या मतांचा निषेध केला आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशीही हा निषेध जोडला जातो. ग्रेगरीचा मात्र कधीही निषेध झाला नाही. तो संत म्हणूनच मान्य राहिला. म्हणजे नित्यदंड ही चर्चची प्रबळ शिकवण ठरली, तरी तिच्या शेजारी ही आशाही जिवंत राहिली.

‘सार्वकालिक’ : एका शब्दाचा निर्णय

मराठी वाचकापर्यंत हा वाद पोहोचला नाही याचे एक कारण भाषांतरात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. तेथे नीतिमानांना मिळणारे जीवन आणि इतरांना मिळणारी शिक्षा या दोहोंसाठी मूळ ग्रीकमध्ये एकच विशेषण आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये त्यासाठी दोन्ही ठिकाणी ‘सार्वकालिक’ हा शब्द योजलेला आहे. ज्या ग्रीक नामापासून हे विशेषण सिद्ध होते त्याचा अर्थ ‘युग’, ‘दीर्घ कालखंड’ असाही होतो. त्यामुळे ‘येणाऱ्या युगाची शिक्षा’ असा अर्थ लावता येतो, असे सर्वमुक्तीच्या समर्थकांचे म्हणणे. याउलट संत ऑगस्टिनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात असा युक्तिवाद केला की, एकाच वाक्यातील एकच शब्द जीवनाला लागू होताना अनंत आणि शिक्षेला लागू होताना सान्त कसा होईल? हा युक्तिवाद आजही प्रभावी मानला जातो.

येथे मराठीची परिस्थिती विशेष आहे. ज्या भाषेत युग, मन्वंतर आणि कल्प हे कालगणनेचे शब्द पुराणकथांतून घरोघर पोहोचलेले आहेत, त्या भाषेच्या वाचकाला ‘युगाची शिक्षा’ ही कल्पना अपरिचित वाटली नसती. कितीही दीर्घ असला तरी कल्पाला अंत असतो आणि नरकवासालाही. भारतीय दर्शनांत नित्य नरक मानणारे मत नाहीच असे नव्हे. मध्वाचार्यांच्या द्वैतमतात काही जीवांना नित्य तमस सांगितलेला आहे. परंतु सर्वसामान्य मराठी धारणेत नरक हा भोगून संपणारा आहे. अशा भाषेत ‘सार्वकालिक’ हा निःसंदिग्ध शब्द आला तेव्हा एक शक्यता बंद झाली. भाषांतरकाराने तो शब्द निवडताना चूक केली असे म्हणता येणार नाही. ऑगस्टिनपासूनची प्रदीर्घ परंपरा त्याच्या पाठीशी होती. तथापि तो एक निर्णय होता, आणि निर्णय म्हणून त्याची चर्चा मराठीत व्हावयास हवी होती.

धर्मांतरिताचे दुहेरी ओझे

या शब्दाचा भार कोणावर पडला? ज्यांचे पूर्वज ख्रिस्ती होते त्यांच्यावर नव्हे, तर पहिल्या पिढीच्या धर्मांतरितांवर. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आला आणि तेथून पुढे जपानला गेला. १५५२ च्या प्रारंभी कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्याने जपानी ख्रिस्ती लोकांच्या दुःखाची नोंद केली आहे. मृत पूर्वजांसाठी प्रार्थना वा दानधर्म करून त्यांची सुटका होऊ शकत नाही हे समजल्यावर ते लोक रडले. त्यांचे दुःख स्वतःच्या पापांचे नव्हते, आईवडिलांच्या गतीचे होते.

मराठी धर्मांतरितांचे ओझे त्याहून गुंतागुंतीचे होते. ‘पुत्’ नावाच्या नरकापासून तारतो तो पुत्र, अशी व्युत्पत्ती मनुस्मृतीपासून सांगितली जाते. मुलगा ख्रिस्ती झाला की पिंडदान थांबले. म्हणजे जुन्या धर्माच्या दृष्टीने पितरांची गती त्याने रोखली. दुसरीकडे, नव्या धर्माच्या कठोर मांडणीनुसार तेच पितर बाप्तिस्म्याविना मेल्यामुळे तारणाबाहेर राहिले. प्रॉटेस्टंट मिशनांच्या शिकवणीत मृतांसाठी प्रार्थनेलाही स्थान नव्हते. अशा रीतीने पितर दोन्ही बाजूंनी अधांतरी राहिले, आणि त्याला कारण एकच व्यक्ती, ती म्हणजे त्यांचा धर्मांतरित मुलगा किंवा मुलगी. धर्मांतराच्या सामाजिक किमतीविषयी, म्हणजे बहिष्कार, वारसाहक्क, वैवाहिक ताटातूट यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या अंतर्गत किमतीचा हिशेब मात्र झालेला नाही.

गोऱ्हे : आक्षेप आणि आक्षेपांचे निरसन

जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करून हिंदू पंडितांना वादाचे आव्हान दिले. त्याला उत्तरे देणाऱ्यांत दोन मराठी ब्राह्मण होते. पहिले सिहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू. ‘सोमनाथ’ या नावाने लिहिलेले उत्तर त्यांचेच असल्याचे मानले जाते. ईश्वराने निरनिराळ्या लोकांना त्यांच्या योग्यतेनुसार निरनिराळे धर्म दिले आहेत, अशी त्यांची भूमिका होती. दुसरे नीळकंठ गोऱ्हे (१८२५ ते १८९५), वाराणसीत वाढलेले चित्पावन पंडित. त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून ख्रिस्ती मताचे खंडन केले. पूर्वजन्म न मानता जन्मतःच्या विषमतेची आणि दैवी न्यायाची संगती कशी लावणार, हा या पंडितपक्षाचा मुख्य रोख होता. एका जन्मातील मर्यादित कर्मासाठी अमर्याद फळ हा आक्षेप याच विचारसरणीतून निघतो.

पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे. खंडनासाठी बायबल वाचणाऱ्या गोऱ्हे यांनी १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ १८६० चा. परंतु मराठी अभ्यासकांच्या नजरेतून निसटलेली त्यांची एक कृती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. नित्यदंडाच्या सिद्धांतावरील आक्षेपांना उत्तर देणारी इंग्रजी पुस्तिका त्यांनी १८६८ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केली. ब्राह्मो समाजाशी त्यांचा वाद चालू असण्याचा हा काळ. ब्राह्मो समाज आणि १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेला प्रार्थना समाज या दोन्ही एकेश्वरवादी चळवळींना नित्य नरक मान्य नव्हता.

ज्या पक्षात ते पूर्वी उभे होते त्याच पक्षाच्या हरकतींचे निरसन आता गोऱ्हे करीत होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांच्या एकूण विचारपद्धतीचे सूत्र असे सांगता येईल : देवाविषयीच्या अंतिम बाबींत मानवी बुद्धीचा स्वतंत्र निवाडा पुरेसा नाही, प्रकटीकरण स्वीकारले की ते संपूर्ण स्वीकारावे लागते, नको तेवढा भाग वगळला तर उरलेला भागही केवळ आपल्या आवडीचा उरतो. ब्राह्मोंशी झालेल्या वादात हेच सूत्र त्यांनी सातत्याने वापरले. त्या दृष्टीने नित्यदंडाचे समर्थन हा त्यांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाचा भाग होता. ज्या मताने स्वतःच्या कुटुंबाला सर्वाधिक दुखावले, ते मत सोयीने सौम्य करण्यास त्यांनी नकार दिला.

मात्र त्याच दशकांत त्यांच्याच अँग्लिकन चर्चमध्ये या सिद्धांतावर खळबळ चालू होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांना नित्यदंडाच्या अर्थाविषयी शंका घेतल्यामुळे १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापकपद गमवावे लागले. त्यांच्या प्रभावाखाली आलेले एक विद्यार्थी फ्रेडरिक विल्यम फॅरर. फॅरर यांचा जन्म १८३१ मध्ये मुंबईत झाला. त्यांचे वडील चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी असून त्यांनी नाशिक येथे काम केले होते. या फॅररनी १८७७ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दिलेली प्रवचने पुढील वर्षी ‘इटर्नल होप’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडभर वाद माजला. सर्वमुक्ती निश्चित आहे असे फॅरर म्हणत नव्हते. मृत्यूच्या क्षणी आशेचा दरवाजा कायमचा बंद होतो हे त्यांना अमान्य होते. ऑक्सफर्डच्या पुसी यांनी १८८० मध्ये त्यांना ग्रंथरूपाने उत्तर दिले. गोऱ्हे १८७६ च्या सुमारास ऑक्सफर्डनजीकच्या काउली येथे ज्या धर्मसंघात राहिले, तो पुसींच्याच परंपरेतील होता. म्हणजे गोऱ्हे यांची भूमिका ही ‘ख्रिस्ती धर्माची’ एकमेव भूमिका नव्हती. एका जिवंत वादातील ती एक बाजू होती. मराठीत मात्र ती एकमेव म्हणून पोहोचली.

रमाबाई : साक्षीतील एक वाक्य

पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) यांच्या धर्मांतरात गोऱ्हे यांच्या लेखनाचा वाटा होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी चर्चच्या अधिकाराविषयी आणि अनेक सिद्धांतांविषयी घेतलेल्या शंका सुपरिचित आहेत. प्रस्तुत विषयासाठी मात्र त्यांच्या १९०७ च्या इंग्रजी आत्मनिवेदनाकडे, म्हणजे ‘अ टेस्टिमनी’कडे वळले पाहिजे.

या निवेदनात त्यांच्या वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग आहे. अनंतशास्त्री डोंगरे हे मुलीला संस्कृत शिकविण्याचा आग्रह धरणारे विद्वान. तीर्थयात्रा आणि व्रतवैकल्ये यांत सर्व द्रव्य संपल्यावर दुष्काळात, १८७४ मध्ये, उपासमारीने त्यांचा अंत झाला. मरताना त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन सन्मानाने जगण्याची आणि आयुष्यभर देवाची सेवा करण्याची आज्ञा दिली, असे रमाबाई सांगतात. पुढे त्या म्हणतात की, वडिलांना एकमेव खरा देव माहीत नव्हता; तरी त्यांच्या लेखी अज्ञात असलेल्या त्या देवाची त्यांनी मनोभावे सेवा केली.

हे विधान बारकाईने वाचले पाहिजे. ‘अज्ञात देव’ हा शब्दप्रयोग प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायातील आहे. अथेन्समधील वेदीवरील लेखाचा उल्लेख करून पौल तेथील लोकांना सांगतो की, तुम्ही ज्याला न ओळखता भजता तोच मी तुम्हांस प्रकट करतो. रमाबाईंनी हे वचन आपल्या वडिलांना लावले. त्यामुळे अनंतशास्त्र्यांची पूजा ही खोट्या देवाची पूजा न राहता खऱ्या देवाची, परंतु न ओळखता केलेली सेवा ठरते. याच निवेदनात अन्यत्र मूर्तिपूजेवर कठोर टीका आहे आणि ख्रिस्ताखेरीज तारण नाही हा आग्रहही आहे. सिद्धांताच्या पातळीवर या दोन गोष्टींची संगती रमाबाई लावत नाहीत. वडिलांचे तारण झाले असेही त्या म्हणत नाहीत. पण त्यांना बाहेरही ठेवत नाहीत. कन्येच्या लेखणीतून आलेले हे एक विधान नित्यदंडाच्या चौकटीत बसत नाही, आणि त्या ते मागेही घेत नाहीत. केडगावच्या आपल्या संस्थेला त्यांनी ‘मुक्ती’ हे नाव दिले. जुन्या धर्माच्या शब्दसंपत्तीतील हा शब्द त्यांनी टाकला नाही, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे.

टिळक : दरबाराची रचना

नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराचा आरंभ विदर्भाच्या वाटेवर झाला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. हे गृहस्थ म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड असावेत असे मानले जाते. या मिशनने पुढे यवतमाळ परिसरात दीर्घकाळ कार्य केले. यवतमाळलाच १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि १९८३ मध्ये ती पुण्यास गेली. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये.

या पाच वर्षांच्या अंतराकडे समीक्षेने वैवाहिक नाट्य म्हणून पाहिले. ‘स्मृतिचित्रे’तील त्या भागाची भाषा आणि विनोद यांमुळे तसे होणे स्वाभाविक होते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने पाहता मात्र या काळात टिळकांपुढील प्रश्न स्पष्ट होता. कठोर शिकवणीनुसार त्यांची पत्नी तारणाबाहेर होती. लक्ष्मीबाई पुन्हा अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) येऊन राहिल्या त्याही बाप्तिस्मा न घेताच. बाप्तिस्मा घेतलेला पती आणि न घेतलेली पत्नी असा हा संसार होता. या काळात पुढील दरबाराचे बीज असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसमाज होता. त्यांचे निधन ९ मे १९१९ रोजी झाल्याने हा प्रयोग विकसित होण्यास अवधी मिळाला नाही. तथापि त्याची रचना बोलकी आहे. कोण आत आणि कोण बाहेर याचा निर्णय ज्या विधीवर अवलंबून होता, तो विधी दरबारात सीमारेषा राहिला नाही.

याला पूरक असे टिळकांचे एक प्रसिद्ध मत आहे. मराठी संतांचे वाङ्मय हा आपला पहिला जुना करार होय असे ते मानीत. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असेही त्यांनी सांगितले आहे. समीक्षकांनी या मताकडे साहित्यिक देशीयतेचा पुरस्कार म्हणून पाहिले. त्याचा तर्क पुढे नेला तर काय होते, ते पाहू. ख्रिस्ती परंपरेनुसार अब्राहाम, मोशे, दावीद यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, ते ख्रिस्तापूर्वीचे. तरीही ते तारणाबाहेर नाहीत. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात ख्रिस्त अधोलोकात उतरल्याचे विधान आहे. त्याचा परंपरागत अर्थ असा की, त्याने तेथे वाट पाहणाऱ्या पूर्वजांना बाहेर काढले. आता संतवाङ्मय हा जुना करार असेल, तर ते वाङ्मय गात मेलेला वारकरी हा जुन्या कराराचा माणूस ठरतो. तो बाहेरचा नाही. तो वाट पाहणाऱ्यांपैकी आहे. हा निष्कर्ष टिळकांनी स्वतः या शब्दांत काढलेला नाही. परंतु तो त्यांच्या उपमेत अनुस्यूत आहे, आणि तो मान्य केल्यास पितरांच्या प्रश्नाला मराठी भूमीतून मिळालेले ते पहिले सुसंगत उत्तर ठरते.

टिळकांना सर्वमुक्तिवादी म्हणणे मात्र अयोग्य होईल. भक्ती करणाऱ्याला आत घेणे वेगळे आणि सर्वांना आत घेणे वेगळे. दरबारात न बाप्तिस्मा घेतलेला शिष्यही शिष्यच होता. जो कशाचीच भक्ती करीत नाही, जो अन्याय करतो, त्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर दरबार देत नाही.

पीडितांचा आक्षेप

येथे आतापर्यंतच्या विवेचनाची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. गोऱ्हे, रमाबाई आणि टिळक हे तिघेही ब्राह्मण कुटुंबांतून आलेले. त्यांच्या पितरांकडे शास्त्र होते, तीर्थयात्रा होती. मराठी ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग, विशेषतः अहिल्यानगर जिल्ह्यातील, पूर्वाश्रमीच्या महार व मांग समाजांतून आला. त्या समाजाच्या दृष्टीने पितरांचा प्रश्न होताच. पण त्यासोबत दुसराही होता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांचेही तारण होणार काय? सर्वांना मुक्ती म्हणजे सर्वांना माफी असेल, तर न्यायाचा अर्थ काय राहिला?

सर्वमुक्तीवरील हा सर्वांत गंभीर आक्षेप होय. ‘देव दयाळू आहे’ एवढे उत्तर त्याला पुरत नाही. जोतीराव फुले यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या ग्रंथात निरनिराळ्या धर्मांची माणसे एकाच कुटुंबात प्रेमाने राहण्याचे चित्र रेखाटले. परंतु त्याच फुल्यांनी अन्यायाचा हिशेब कधी सोडून दिला नाही. सर्वमुक्तीचा विचार स्वीकारार्ह व्हायचा असेल तर त्यालाही हा हिशेब सोडता येणार नाही.

या संदर्भात निसाच्या ग्रेगरीचे उदाहरण मार्गदर्शक ठरते. सर्वांच्या पुनःस्थापनेची आशा धरणाऱ्या याच ग्रेगरीने उपदेशक या ग्रंथावरील प्रवचनांत गुलामगिरीवर असा हल्ला चढवला की, प्राचीन ख्रिस्ती लेखनात त्याला तोड सापडणे कठीण. देवाच्या प्रतिमेत निर्माण झालेल्या माणसाची किंमत कोण ठरवणार, असा त्याचा सवाल होता. त्याच्या विचारात सर्वमुक्ती म्हणजे शिक्षेतून सूट नव्हे. अन्यायी माणसाला आपल्या अन्यायाच्या अग्नीतून जावेच लागते. फरक एवढाच की, त्या अग्नीचा हेतू जाळून टाकणे नसून शुद्ध करणे हा असतो. ज्ञानेश्वरांच्या पसायदानातही दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातील वाकडेपणा जावा असे मागितलेले आहे. दोन परंपरांची मूळ तत्त्वे भिन्न आहेत आणि त्यांचे एकीकरण करण्याचे कारण नाही. मात्र दुष्टाचे दुष्टपण संपणे हाच न्यायाचा शेवट, ही दृष्टी मराठी वाचकास परकी नाही, एवढे यावरून म्हणता येते. पीडिताला यातून एक आश्वासन मिळते : अत्याचारी जसा आहे तसा आत येणार नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. मराठी ख्रिस्ती लेखनात सर्वमुक्तीचा सिद्धांत स्पष्टपणे मांडलेला आढळत नाही; पण तो ज्या प्रश्नाला उत्तर देतो तो प्रश्न, म्हणजे पितरांचे आणि आप्तांचे काय, पहिल्या पिढीच्या प्रमुख लेखनाच्या मुळाशी आहे.

२. गोऱ्हे यांचे नित्यदंडसमर्थन हा केवळ कर्मठपणा नव्हे. स्वतःच्या दुःखाला तर्कावर मात करू न देण्याचा तो निर्धार आहे, आणि तो तसा वाचला पाहिजे. त्याचबरोबर तो एकोणिसाव्या शतकातील एका खुल्या वादातील एक पक्ष होता, याचेही भान ठेवले पाहिजे.

३. रमाबाईंचे वडिलांविषयीचे विधान आणि टिळकांचा दरबार यांना केवळ देशीयतेचे वा उदारतेचे नमुने मानणे अपुरे आहे. तारण कोणाचे, या प्रश्नाला दिलेले ते धर्मशास्त्रीय प्रतिसाद आहेत.

४. या प्रश्नाचा दलित ख्रिस्ती अनुभवाच्या अंगाने विचार झाल्याखेरीज तो पूर्ण होणार नाही.

‘स्मृतिचित्रे’ मराठीत अभिजात ठरले. टिळकांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ मात्र ग्रंथालयांतच राहिले. पहिल्या ग्रंथातील माणसे आपल्याला ओळखीची वाटतात, दुसऱ्यातील देव वाटत नाही, असे त्याचे कारण असावे. परंतु दोन्ही ग्रंथ एकाच घरात लिहिले गेले. ज्या घरात नवरा एका धर्मात आणि बायको दुसऱ्या धर्मात असताना संसार चालू राहिला, त्या घराला ‘सार्वकालिक’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहून ठरवता येण्यासारखा नव्हता. मराठी समीक्षेने हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, तर या लेखकांनी आपल्या आईवडिलांना आणि जोडीदाराला कोठे ठेवले हे अधिक स्पष्ट होईल, आणि त्यांचे ख्रिस्तीपण आणि मराठीपण हे दोन वेगळे विषय राहणार नाहीत.